मनांगचा दुसरा मुक्काम : हिमालयात गट नेणाऱ्या मराठवाड्यातील आयोजकांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातून हिमालयात पदभ्रमणाचे गट नेणारी सर्व मंडळे, सहल संस्था आणि हौशी गट यांचे प्रमुख

विषय : दिवाळीच्या सुटीतील अन्नपूर्णा परिक्रमेच्या कार्यक्रमात विसाव्याचे मुक्काम कायम ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आषाढी एकादशी होऊन अजून आठवडाही झालेला नाही. परळी-अंबाजोगाईवरून पंढरपूरला गेलेली शेगावची पालखी परतीच्या वाटेवर आहे आणि तेवढ्यात आमच्या फोनवर दिवाळीतल्या हिमालयीन सहलींची पत्रके येऊ लागली आहेत. यंदा माझ्यापर्यंत अशी तीन पत्रके पोहोचली. तिन्हींत नेपाळमधील अन्नपूर्णा परिक्रमा आहे, तिन्हींत थोरोंग ला या खिंडीचे बर्फाचे छायाचित्र आहे, आणि बेसीसहरपासून मुक्तिनाथपर्यंतचा सगळा प्रवास कुणी सहा दिवसांत तर कुणी सात दिवसांत बसवला आहे. विरळ हवेची शरीराला सवय व्हावी म्हणून खिंडीआधी मनांग या गावी किमान दोन रात्री हव्यात, पण दोन पत्रकांत तिथे एकच रात्र दाखवली आहे. रोज रात्री आपण किती उंचीवर झोपणार आहोत, हे मात्र एकाही पत्रकात लिहिलेले नाही. जेवणात गुलाबजाम कोणत्या दिवशी आहेत हे एकात आवर्जून छापले आहे. पत्रके अजून पक्की झालेली नसतील, आगाऊ रकमा पूर्ण जमा झालेल्या नसतील, आणि म्हणून आताच हे पत्र लिहीत आहे.

मी अंबाजोगाईच्या एका शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर अन्नपूर्णा परिक्रमा दोनदा केली आणि एव्हरेस्टच्या पायथ्याच्या वाटेवर एकदा जाऊन आले. मी डॉक्टर नाही, गिर्यारोहक तर मुळीच नाही. या पत्रात प्रकृतीविषयी जे काही येईल ते मनांगच्या वैद्यकीय मदत केंद्रात येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते तेवढेच आहे, आणि ते इथल्या डॉक्टरांकडून पुन्हा समजून घेतल्यावरच मी लिहीत आहे.

पहिल्या खेपेला आम्ही चौदा जण होतो. परभणी, लातूर, अंबाजोगाई आणि नांदेड इथली माणसे. शिक्षक, बँकेतले, दोन औषध दुकानदार, एक कृषी सेवा केंद्राचे मालक. आमच्या छापील कार्यक्रमात मनांगला दोन रात्री होत्या, हे आयोजकांच्या बाजूने आधीच सांगितले पाहिजे. परंतु बेसीसहरहून निघाल्यावर वाटेत दरड कोसळलेली होती, जीप पुढे जाईना, आणि पहिली रात्र चामेऐवजी जगत या गावी काढावी लागली. जगत १,३०० मीटरवर आहे. एक दिवस गेला. आमच्या गटप्रमुखांनी त्या रात्री जेवताना सांगितले की उद्या गाडीनेच थेट मनांग गाठू आणि मनांगचा जादा दिवस सोडून देऊ, म्हणजे परतीची तिकिटे वाचतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. वर्गात मुलांना हवेचा दाब शिकवताना फळ्यावर काढलेली आकृती मला त्या क्षणी आठवायला हवी होती. ती आठवली नाही.

मनांग ३,५४० मीटरवर आहे. म्हणजे एका दिवसात आम्ही बसल्या जागी २,२४० मीटर वर गेलो. आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. अख्खे कळसूबाई आणि त्यावर आणखी सहाशे मीटर, एवढी चढण जीपच्या आसनावर बसून झाली. दुसऱ्या दिवशी यॅक खर्का, ४,०५० मीटर. तिसऱ्या दिवशी थोरोंग फेदी, सुमारे ४,४५० मीटर. चौथ्या दिवशी पहाटे खिंड ओलांडायची होती.

आमच्यातले बँकेतले एक गृहस्थ, पंचेचाळिशीचे, गटात सर्वांत तयारीचे होते. रोज सकाळी दहा किलोमीटर धावणारे. त्यांचे डोके मनांगलाच दुखू लागले होते, हे नंतर कळले. यॅक खर्काला ते रात्री जेवले नाहीत, पित्त झाले आहे म्हणाले, आणि त्यांच्या खोलीतल्या जोडीदाराने त्यांना पहाटे उलटी करताना ऐकले तरी कुणाला सांगितले नाही, कारण त्यांनीच शपथ घातली होती. आईला मुक्तिनाथाच्या धारेचे पाणी आणतो असे सांगून ते घरून निघाले होते. थोरोंग फेदीला पोहोचताना ते सर्वांच्या मागे पडले. संध्याकाळी चुलीजवळ बसून बुटाची नाडी बांधत होते आणि त्यांना गाठ मारता येईना. दोनदा, तीनदा प्रयत्न केला आणि स्वतःशीच हसले. ते हसणे आमच्या नेपाळी वाटाड्याने पाहिले. त्याने त्यांना उठवले आणि जमिनीवरच्या फळीच्या रेषेवर एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचा अंगठा लावत चालायला सांगितले. चौथ्या पावलाला ते भिंतीवर गेले.

मेंदूला सूज येत असल्याची ती खूण होती. त्यानंतर वाटाड्याने कुणाचे काही ऐकून घेतले नाही. घोडा मिळवला, दोन जण दोन बाजूंनी धरायला घेतले आणि टॉर्चच्या उजेडात रात्रभर उतरून पहाटे त्यांना मनांगच्या मदत केंद्रात पोहोचवले. तिथे ऑक्सिजन व इंजेक्शन मिळाले आणि सकाळी ढग हटल्यावर हेलिकॉप्टरने ते काठमांडूला गेले. ते आज ठणठणीत आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे. सकाळी ढग हटले नसते, घोडा नसता, किंवा वाटाड्या आमच्या गटप्रमुखांना घाबरणारा असता, तर हे पत्र वेगळे झाले असते. यॅक खर्कालाच त्या वाटाड्याने एक दिवस थांबण्याचे सुचवले होते आणि आमच्या गटप्रमुखांनी त्याला सांगितले होते की पैसे आम्ही दिले आहेत. परदेशी पदभ्रमणकर्त्यांनी परवानाधारक वाटाड्या सोबत घेतलाच पाहिजे असा नियम नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून केला आहे. पण वाटाड्या सोबत असणे आणि त्याचा शब्द शेवटचा असणे, या दोन गोष्टी आपल्या गटांत अजून वेगळ्या आहेत.

वर हवेत ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते असे आपली पत्रकेही लिहितात. ते बरोबर नाही. प्रमाण सगळीकडे सुमारे एकवीस टक्केच राहते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे एका श्वासात आत जाणारा ऑक्सिजन घटतो. मनांगला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो आणि ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीवर जवळजवळ निम्मा. शरीर यावर उपाय करते. श्वास वाढतो, मूत्रपिंडे रक्तातला क्षार बाहेर टाकून त्या वाढलेल्या श्वासाला जागा करून देतात, आणि पुढे आठवड्यांच्या हिशेबाने तांबड्या पेशी वाढतात. यातले दुसरे काम दिवसांत होते, तासांत होत नाही. त्रास सुरू होतो तोही वर पोहोचल्यावर लगेच नव्हे, सहा ते बारा तासांनी. म्हणून जीपमधून उतरल्यावर मंडळी उत्साहाने फोटो काढत असतात आणि रात्री दोन वाजता डोके धरून बसतात. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर पुन्हा काढावी, हा डॉक्टरांनी घालून दिलेला दंडक या संथ कामावरूनच आला आहे. आपल्या पत्रकांतल्या मुक्कामांपुढे उंची लिहून वजाबाकी करून पाहावी. तीनपैकी दोन पत्रके या वजाबाकीत नापास होतात.

तयारी चांगली असेल तर त्रास होत नाही, हा समज आपल्याकडे फारच घट्ट आहे. निघण्यापूर्वी महिनाभर देवगिरीचा किल्ला चढून उतरण्याचा, किंवा आमच्याकडे पहाटे मुकुंदराजांच्या समाधीच्या दरीत उतरून पुन्हा चढण्याचा सराव जरूर करावा. गुडघ्यांना व दमाला त्याचा उपयोगच होतो. पण परभणी-नांदेडची माणसे समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास जन्म काढतात, आणि विरळ हवेशी जुळवून घेण्याचे काम पायांच्या ताकदीवर होत नाही. उलट दमदार माणूस वेगाने वर जातो, मागे पडायला लाजतो आणि दुखणे लपवतो. कोरोनानंतर प्रत्येकाच्या पिशवीत ऑक्सिमीटर आहे. संध्याकाळी सगळे बोटे पुढे करून आकडे वाचतात आणि ज्याचा आकडा मोठा त्याला उद्या पुढे चालायचा मान. गारठलेल्या बोटावर ते यंत्र काहीही दाखवते. भूक लागते का, मळमळते का, चालताना तोल जातो का, बसल्या जागी धाप लागते का, हे विचारायला यंत्र लागत नाही. डोकेदुखीवर नुसती वेदनाशामक गोळी घेऊन चढत राहणे म्हणजे घराला आग लागली असताना धूर दिसू नये म्हणून खिडकी लावून घेणे होय. डायमॉक्स या गोळीने शरीर जुळवून घेण्याचा वेग थोडा वाढतो, पण सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांचे काय, मात्रा किती, हे घरीच आपल्या डॉक्टरांना विचारायचे असते. आमच्या सहलीत ती बसमध्ये चॉकलेटसारखी वाटली गेली होती.

आता रस्त्याविषयी. पूर्वी बेसीसहरहून मनांगला चालतच जावे लागे आणि त्याला आठवडाभर लागे. मर्स्यांगदी नदीच्या काठाने भाताच्या खाचरांतून, मग चीडच्या रानातून, मग उघड्या दगडी खोऱ्यात असे चढत जाता जाता शरीर आपोआप तयार होई. चालणे हाच विसावा होता असे म्हटले तरी चालेल. आता जीपचा रस्ता मनांगपर्यंत पोहोचला आहे. या रस्त्याबद्दल शहरी पदभ्रमणकर्ते नाके मुरडतात तसे मी मुरडणार नाही. बाळंतीण अडली की बाज खांद्यावर घेऊन पक्क्या रस्त्यापर्यंत चालत जाणारी माणसे मी आमच्या बालाघाटच्या वाड्या-तांड्यांवर पाहिली आहेत, आणि मनांगच्या माणसांना गाडी हवी असेल तर ती त्यांना मिळालीच पाहिजे. अडचण एवढीच आहे की गाडीने वाचलेले दिवस आपण कार्यक्रमातून वजा केले आणि ते दिवस शरीराला वर कुठेतरी परत द्यावे लागतात, हे विसरलो. जीपने जायचे असेल तर चामेला (२,६७० मीटर) एक रात्र, पिसांगला (सुमारे ३,२०० मीटर) एक रात्र आणि मनांगला किमान दोन, असा हिशेब ठेवावा. पिसांगपासून शक्य असेल त्यांनी खालचा रस्ता सोडून ग्यारू आणि ङावल या गावांवरून जाणारी वरची पायवाट धरावी. ती साडेतीन हजार मीटरच्या वर जाऊन पुन्हा मनांगकडे उतरते, आणि दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपण्याचा लाभ देते.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावणे अवघड नाही, कारण दिंडी आपल्याला ठाऊक आहे. पैठणहून निघणाऱ्या नाथांच्या पालखीचे मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. आज पाय हलके आहेत म्हणून दोन मुक्काम एकत्र करू, असे कुणी विणेकऱ्याला म्हणत नाही, आणि पाऊस लागून वाटेत उशीर झाला तर दुपारचा विसावा आखडतो पण रात्रीचा मुक्काम गाळला जात नाही. त्या मुक्कामावर स्वयंपाक वाट पाहत असतो, माणसे वाट पाहत असतात. वारीची ही शिस्त रक्तात असलेली आपली माणसे काठमांडूला उतरली की ती का विसरतात, याचा मी बराच विचार केला आणि मला तरी एकच कारण दिसले : परतीचे तिकीट. सचखंड एक्स्प्रेसचे आरक्षण दोन महिने आधी काढलेले, दिल्ली-काठमांडू विमानाचे तिकीट स्वस्तात मिळावे म्हणून न बदलता येणारे घेतलेले, आणि शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी घरी पोहोचायचे. या तिकिटांच्या मधल्या जागेत मग हिमालय बसवायचा.

यातून निघणारी माझी मुख्य मागणी अशी आहे. कार्यक्रमात विसाव्याचा दिवस आणि राखीव दिवस या दोन वेगळ्या ओळी असाव्यात. आमच्या कार्यक्रमात मनांगचा दुसरा दिवस होता, पण तोच राखीवही समजला गेला, आणि दरड कोसळताच सर्वांत आधी तो खर्ची पडला. दरड, खराब हवा, उशिरा सुटलेले विमान यांच्यासाठी दोन दिवस वेगळे ठेवा आणि ते शेवटी, काठमांडू किंवा पोखऱ्याच्या खात्यावर ठेवा. काही अडचण आली नाही तर मंडळी फेवा तळ्यावर नावेत बसतील. मनांगच्या दुसऱ्या रात्रीला कुणीही हात लावायचा नाही. सुटी बारा दिवसांचीच असेल आणि हे त्यात बसत नसेल, तर थोरोंग ला त्या सुटीत बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. बारा दिवसांत घोडेपाणी-पून हिलची वाट आहे, जिथे सर्वांत उंच जागा ३,२१० मीटरची आहे आणि तिथून धौलागिरी व अन्नपूर्णा दोन्ही दिसतात. पत्रकावर पाच हजार मीटरचा आकडा नसेल, माणसे मात्र आनंदाने परत येतील. एव्हरेस्टच्या वाटेवर नामचेला आणि दिंगबोचेला दोन-दोन रात्री काढायच्या, हे आपल्यातले बहुतेक आयोजक आता निमूटपणे पाळतात. अन्नपूर्णेच्या वाटेवर तेच पाळायला काय हरकत आहे, हे मला उमगलेले नाही.

विसाव्याचा दिवस म्हणजे खोलीत पडून राहायचा दिवस, अशी भीती आयोजकांना वाटते. लोक कंटाळतील, पैसे कशाचे घेतले म्हणतील. दोन वर्षांनी मी पुन्हा गेले तेव्हा मनांगला तीन रात्री राहिले. त्या तीन दिवसांत मला जे दिसले ते पहिल्या खेपेच्या सगळ्या प्रवासात दिसले नव्हते. मनांगची जुनी घरे दगडाची आणि सपाट मातीच्या धाब्याची आहेत. आपल्या माळवदाची सख्खी बहीण शोभावी अशी. धाब्यावर कडेने लाकडे रचलेली, मध्ये धान्य वाळत घातलेले, आणि एका घराच्या धाब्यावरून दुसऱ्याच्या धाब्यावर पोरे पळत होती. वर चढायला खाचा पाडलेला एकच ओंडका. मी तो चढले तेव्हा वरच्या आजीबाई तोंडाला पदर लावून हसल्या आणि शेजारी बसायला जागा करून दिली. फापर या तिथल्या धान्याची मळणी चालली होती. त्यांची भाषा मला येत नव्हती, त्यांना माझी नाही. पण धान्य पाखडताना वाऱ्याकडे तोंड करून उभे राहायचे की पाठ, यावर आमचे एकमत झाले.

सपाट धाबे का, तर पाऊस कमी म्हणून. अन्नपूर्णा रांगेच्या दक्षिणेला पोखऱ्याजवळच्या लुम्ले या गावी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच रांगेच्या उत्तरेला मनांग-मुस्तांग पर्जन्यछायेत कोरडे पडलेले आहेत. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाच्या पाठीमागे राहणाऱ्या आम्हा मराठवाड्याच्या लोकांना हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. एकतीस वर्षे मी पर्जन्यछायेची व्याख्या लिहून दिली, आणि तिथे मात्र ती पायाखाली होती. बर्फ वितळून येणारे पाणी पाटांनी शेतात फिरवलेले, जवाचे तुकडे-तुकडे, कोणत्या घराची पाळी कधी यावर चाललेली वादावादी. माजलगाव कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला तिथे अगदी घरच्यासारखे वाटेल. दुसऱ्या दिवशी ब्रागा गावातल्या डोंगराला चिकटलेल्या जुन्या गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, जाऊन आले, तिसऱ्या दिवशी गंगापूर्णा हिमनदीच्या तळ्यावरून वरच्या टेकाडावर चढून पुन्हा खाली झोपायला आले. याच चढ-उताराने शरीर तयार होते. पदभ्रमण हा गावागावांतून जाणारा प्रवास आहे असे आपली पत्रके लिहितात. गावात एक पूर्ण दिवस तरी गेला नाही, तर ते गाव जीपच्या काचेतून पाहिलेल्या ढाब्यापेक्षा वेगळे राहत नाही. जेवण, निवारा आणि चहा यांचा पैसा गावात राहतो तोही थांबल्यानेच.

मनांगलाच हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे मदत केंद्र आहे. ही संस्था १९७३ पासून काम करते. हंगामात मनांगला व एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचेला तिची केंद्रे चालतात आणि तिथले डॉक्टर दुपारी उंचीच्या त्रासावर माहिती देतात. माझ्या दुसऱ्या खेपेला त्या खोलीत जपानी होते, फ्रेंच होते, इस्रायली पोरेपोरी होती. त्याच दिवशी गावातून मराठी बोलत एक पंचवीस जणांचा गट पुढे यॅक खर्काकडे निघून गेला. दुपारी ऐकायला त्यांच्यातला एकही थांबला नाही. त्यांच्या कार्यक्रमात ती दुपारच नव्हती.

पोर्टरविषयी लिहिल्यावाचून हे पत्र पुरे होणार नाही, कारण आपण कापलेल्या दिवसाचे ओझे त्याच्याही डोक्यावर पडते. कपाळावरच्या नाम्लोच्या पट्ट्यावर आपल्या दोन-दोन पिशव्या तोलून चालणारा हा मुलगा हिमालयातला आहे म्हणून त्याला उंचीचा त्रास होत नाही, असे आपण गृहीत धरतो. आमचा पोर्टर वीस-बावीस वर्षांचा, लमजुंगच्या खालच्या गावातला होता, भातशेती करणारा. त्याच्या गावाची उंची आमच्या महाबळेश्वरपेक्षाही कमी. आम्ही जीपने चढलो त्याच जीपने तोही चढला. यॅक खर्कापासून तो खोकत होता आणि त्या गडबडीत त्याच्याकडे कुणाचेही लक्ष गेले नाही. रात्री घोडा धरून खाली उतरणाऱ्यांत तोही होता, आणि मनांगला पोहोचल्यावर मदत केंद्रातल्या डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली तेव्हा त्यालाही तिथेच ठेवून घेतले. फुफ्फुसात पाणी धरू लागले होते. उतरला म्हणून वाचला. नेपाळमध्ये पदभ्रमणाच्या पोर्टरसाठी ३० किलोंची मर्यादा मानली जाते. दुसऱ्या खेपेला मी ताणकाटा सोबत नेला आणि बेसीसहरला एका सोबतिणीची पिशवी टांगून पाहिली : एकोणीस किलो. त्यात साडेचार किलो चिवडा, चकल्या आणि बेसनाचे लाडू. दिवाळीचा फराळ मलाही प्रिय आहे, परंतु अशा दोन पिशव्या म्हणजे अडतीस किलो झाले आणि त्यात त्या पोराचे स्वतःचे पांघरूण धरलेले नाही. दहा किलोंच्या वर पिशवी घेणार नाही, हे पत्रकातच छापा. त्याच्याजवळ गरम कपडे, बूट आणि विमा आहे का, हे काठमांडूच्या संस्थेला लेखी विचारा. संध्याकाळी डोके दुखते का, हा प्रश्न चौदा जणांना विचारत असाल तर चार पोर्टरांनाही विचारा.

विम्याची पॉलिसी काढताना ती किती उंचीपर्यंतचे पदभ्रमण धरते, ते बारीक अक्षरात वाचून सभासदांना सांगावे. बहुतेकांच्या पॉलिसीत खिंडीची उंची बसत नाही आणि हेलिकॉप्टरचे भाडे कुटुंबाला उभे करावे लागते.

राखीव दिवसांचा आग्रह मी का धरते, त्याला आणखी एक कारण आहे. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद हे चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आले, आणि त्याचे उरलेसुरले ढग उत्तरेला सरकून १४ ऑक्टोबरला अन्नपूर्णा परिसरात हिमवादळ होऊन कोसळले. थोरोंग ला आणि आसपास किमान ४३ माणसे गेली. त्यांत परदेशी पदभ्रमणकर्ते होते तसेच नेपाळी वाटाडे, पोर्टर आणि गुराखीही होते. ऑक्टोबर हा तिथला सर्वांत निर्धोक महिना समजला जातो आणि आपल्या दिवाळीच्या सहलीही त्याच सुमारास असतात. बंगालच्या उपसागरात वादळ उठल्याची बातमी आपल्याकडे सोयाबीन झाकायला ताडपत्री शोधताना ऐकली जाते. तीच बातमी चार दिवसांनी थोरोंग फेदीच्या खोलीचे दार ठोठावू शकते. त्या वेळी हातात दोन दिवस असतील तर गटप्रमुखाला थांबण्याचा निर्णय घेता येतो, नसतील तर तो पहाटे चार वाजता ढगांकडे बघून “निघू या, उघडेल” म्हणतो.

आणि शेवटी फ्लेक्सबद्दल. आपण गट परत आला की चौकात फ्लेक्स लावतो, शाल-श्रीफळ देतो, खिंडीवर तिरंगा धरलेले छायाचित्र वर्तमानपत्रात येते. जो मनांगहून मागे फिरला त्याचे नाव त्या फ्लेक्सवर नसते. आमच्या बँकेतल्या गृहस्थांनी डोकेदुखी लपवली ती आईला दिलेल्या शब्दापायी, तशीच थोडीफार या फ्लेक्सपायीही, हे त्यांनीच मला नंतर सांगितले. पुढच्या वर्षी ते आईलाच सोबत घेऊन गेले. पोखऱ्याहून जोमसोमला आणि तिथे दोन रात्री काढून जीपने मुक्तिनाथाला, सावकाश. एकशे आठ धारांखाली आई स्वतः उभी राहिली. वेळेवर मागे फिरलेल्या माणसाचे नाव खिंड ओलांडलेल्यांच्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरात छापा, आणि निघण्याआधीच्या बैठकीत तसे जाहीर सांगा. मग यॅक खर्काच्या खोलीत पहाटे उलटी करणारा माणूस कदाचित जोडीदाराला शपथ घालणार नाही.

आपले कार्यक्रम छापखान्यात जाण्यापूर्वी त्यांत प्रत्येक मुक्कामापुढे झोपण्याची उंची लिहिलेला एक रकाना वाढवावा, ही विनंती. ज्यांना तो भरताना अडचण येईल त्यांनी अंबाजोगाईला यावे. माझ्याकडे त्या खोऱ्याचा मोठा नकाशा आहे, पहिल्या खेपेला दरड कोसळली त्या जागी त्यावर पेन्सिलीची खूण आहे, आणि रविवारी सकाळी मी घरीच असते. चहा होईल, हिशेबही होईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
अंबाजोगाई, जि. बीड
आषाढ वद्य द्वितीया